साबण मिस्त्री

यशा,

तू गेल्याची बातमी गावाच्या ग्रुपवर सकाळी सातला आली. 'आपल्या सर्वांचे लाडके साबण मिस्त्री यांचे दुःखद निधन.' खाली तुझा वाकडा कापलेला फोटो, आणि फोटोखाली हात जोडलेल्यांची रांग. मीही जोडले. 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं, तीन फुलं टाकली आणि फोन पालथा ठेवून दिला. तुझं नाव यशवंत होतं, ते तिथं एकानंही लिहिलं नाही. मला लिहावंसं वाटलं होतं, बोट अक्षरांवर गेलंही होतं. पण कुणी विचारलं असतं, मग साबण मिस्त्री का म्हणायचे रे त्यांना? त्याचं खरं उत्तर आख्ख्या वडिवळ्यात दोघांनाच ठाऊक होतं, तुला आणि मला. निदान मी तसं समजून चाललो होतो.

आज ते उत्तर लिहितोय. तुला त्यात नवीन काही नाही. वाचणाऱ्यांना मात्र सगळं पहिल्यापासून सांगावं लागेल, तेव्हा मधेमधे तुला ठाऊक असलेलंच ऐकावं लागेल. तुला कंटाळा आला की तू पान्यानं चाकाच्या रिमवर ठकठक करायचास. खुशाल कर.

आमच्या आबांची, माझ्या वडिलांची, पिकअप. पुढं जीपचं तोंड, मागं पत्र्याचा हौदा, रंग एकेकाळी हिरवा. आबांनी तिच्यातून तांदळाची पोती कामशेतच्या बाजाराला नेली, अडलेल्या बाया दवाखान्यात पोचवल्या, आणि गावातल्या कितीतरी पोरी लग्न लागल्यावर सासरी नेऊन सोडल्या. कुणाच्याही घरचं लग्न असो, पाठवणीला आबांची गाडी. आबा गेल्यावर ती माझ्याकडे आली, तिचं दुखणंखुपणं आधीपासूनच तुझ्याकडे. कामशेतला जुन्या हायवेवर तुझं गॅरेज. चौथीपर्यंत आपण एका बाकावर होतो, त्यामुळे तू मला बाळू म्हणायचास आणि मी तुला यशा. चारचौघांत मात्र मी तुला मिस्त्री म्हणायचो, आणि तू मला भाऊ. हे कुणी ठरवलं होतं कोण जाणे. तू भेटलास की 'जयभीम' म्हणायचास, मी 'रामराम' म्हणायचो. एवढ्या वर्षांत एकदा तरी तुझा शब्द तुला परत द्यायला माझं काय जात होतं?

त्या गाडीची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली. पेट्रोल भरायचं तर उतरायचं, सीट उचलायची आणि टोपण काढायचं. टाकी आतून गंजली आणि खालच्या शिवणीतून ठिपकायला लागली. मी काय करावं? आपल्याकडे सगळे करतात तेच केलं. कपडे धुवायच्या साबणाची वडी घेतली, जरा मऊ केली आणि शिवणीवर घासली. पेट्रोलमध्ये साबण विरघळत नाही, भोक बुजतं, गाडी चालते. चार दिवसांनी परत ठिपकली की परत वडी. दोन वर्षं मी असंच भागवलं. डॅशच्या खणात कागदपत्रं नसायची पण साबण असायचा.

तुला ते दिसलं तेव्हा तू जो भडकलास! "बाळू, साबण कापडाला लाव. टाकीला न्हाई. ही काय दुरुस्ती हाय व्हय? रस्त्यात आडला तर घरापोतर यायला लावायचा आसतो त्यो. दोन वर्सं कोन फिरतं?"

मी म्हणालो, "गळती थांबल्याशी मतलब."

"गळती थांबली न्हाई. तुला दिसायची थांबली."

यावर आपण किती भांडलो असू. मी म्हणायचो, कथील वितळवून झाळ मारून दे. तू म्हणायचास, पत्रा कागदासारखा झालाय, झाळ कशाला धरणार? टाकी बदलायचीच. मी म्हणायचो, या गाडीची टाकी आता मिळणार कुठं? ते भांडण तसंच राहिलं आणि सोनालीचं, माझ्या मुलीचं, लग्न ठरलं. मुलगा परंदवडीचा. माझ्या डोक्यात एकच. आबांनी गावच्या पोरी सासरी सोडल्या, मग आबांची नात त्याच गाडीतून गेली पाहिजे आणि गाडी मीच चालवणार. बायको म्हणाली, गळक्या गाडीत नवरी बसवता का? मी तुझ्याकडे आलो.

तू गॅरेज बंद ठेवून टाकी शोधत फिरलास. कुरवंड्याला एका बंगल्याच्या मागं तसलीच पिकअप गवतात उभी होती, हौद्यात कोंबड्या बसायच्या. वरून सगळी सडलेली, पण टाकी ठणठणीत. ती काढून आणलीस तेव्हा तुझ्या तोंडावर जे हसू होतं ते मी चौथीत तुझा पहिला नंबर आला तेव्हा पाहिलं होतं. मग टाकीत मूठभर खडी घातलीस आणि आपण दोघांनी ती दोन्ही बाजूंनी धरून पाळण्यासारखी हलवली. आतून तांबडा चुरा पडत राहिला. धुतलीस, उन्हात दोन दिवस वाळवलीस. शिवणींवर खडूची पूड फासून आत रॉकेल ओतलंस. म्हणालास, कुठं केसाएवढी फट असली तरी पूड तिथं काळी पडंल. कुठंच पडली नाही. तरी तू सकाळपर्यंत ठेवून परत बघितलीस.

बसवायच्या दिवशी आधी बॅटरीची वायर सोडवलीस आणि माझी बिडी हातातून काढून घेऊन रस्त्यापलीकडे टाकलीस. जुनी टाकी बाहेर आली, तर तिच्या पोटाला माझ्या साबणाचे थरच्या थर. तू ते नखानं खरवडलेस आणि मला दाखवलेस. नवी बसवताना खाली जुन्या ट्यूबच्या पट्ट्या टाकल्यास, लोखंडावर लोखंड घासू नये म्हणून. पेट्रोलचा काटा जोडलास, पाइप जोडलास. शेवटी टोपण हातात घेऊन मला जवळ बोलावलंस.

"हे बारीक भोक बघ. टाकीला श्वास लागतो, बाळू. जेवडं पेट्रोल खाली जातं तेवडा वारा वरनं आत आला पायजे. टाकी गळ्यापोतर भरू नको, न्हाईतर खड्ड्यात हितनं उडंल."

मी फोनवर होतो. जेवणावळीचा माणूस विचारत होता, मठ्ठा ठेवायचा की ताक. मी तुझ्याकडे बघून मान हलवली आणि त्याला म्हणालो, मठ्ठा.

तू सांगितलं होतंस, यशा. पुढचं सगळं वाचताना हे ध्यानात राहावं म्हणून दोनदा लिहितो. तू मला सांगितलं होतंस.

लग्नाच्या सकाळी मी टाकी गळ्यापर्यंत भरली. पोरीला अर्ध्या रस्त्यात पेट्रोल भरायला थांबवायचं नव्हतं. घराकडे येताना धक्क्याधक्क्याला त्या भोकातून पेट्रोल उडालं आणि सगळी केबिन वासानं भरली. सोनाली शालू नेसून बाहेर आली, नाकाला पदर लावून म्हणाली, "पप्पा, किती वास येतोय!" झालं. माझा हात डॅशच्या खणात गेला. दोन वर्षांची सवय. वडी काढली, सीट उचलली, टोपणावरचं भोक साबणानं लिंपून टाकलं. वास कमी झाला. मला वाटलं, काय हुशारी केली.

कामशेतच्या कार्यालयापर्यंत गाडी कशीबशी आली. लग्न लागलं, जेवणं झाली, रडारड झाली. दुपारी पाठवणी निघाली. केबिनमध्ये मी, सोनाली आणि जावई. मागं परंदवडीकरांच्या गाड्या. दोन-तीन मैलांवर गाडी आचके देऊन बंद पडली. दहा मिनिटं थांबलो, सुरू झाली. परत दोन मैल, परत बंद. मागून हॉर्न. सोमाटणे फाट्याच्या अलीकडे तिसऱ्यांदा थांबली ती ऐन रस्त्यात. जावयाचे चुलते, तात्या, गाडीतून उतरून आले. त्यांच्यामागं फेटे बांधलेले पंचवीसतीस जण. तात्या म्हणाले, "पावनं, पोरगी द्यायची न्हवती तर सरळ सांगायचं."

सगळे हसले. मीही हसलो. घाम मानेवरून खाली चालला होता.

तेवढ्यात सगळ्यांच्या मागून तू मोटरसायकलवरून आलास. नवा पांढरा शर्ट होता तुझा, पहिल्यांदाच पाहिला. सरळ सीट उचललीस, टोपण फिरवलंस, आणि टाकीनं असा काही श्वास आत ओढला की तो सगळ्यांना ऐकू आला. तू टोपण उलटसुलट पाहिलंस. पिवळा साबण. मग तू माझ्याकडे पाहिलंस.

तात्या वाकून बघत होते. "साबन? नव्या टाकीला? कुनी लावला ह्यो?"

एवढंच म्हणायचं होतं, "मी." एक अक्षर. लोक हसले असते, तात्यांनी वर्षभर चिडवलं असतं, मग विसरले असते. पण मी नवरीचा बाप होतो, अंगावर नवा कोट होता. मी मोठ्यानं म्हणालो, "काय मिस्त्री, नवी टाकी बसवली म्हणालास ना? मग साबण कशाला फासलास? आं? पोरीच्या लग्नाच्या दिवशी तरी नीट काम करायचं!"

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. आणि अजून एक आहे, ते लिहिल्याशिवाय हे लिहिणं म्हणजे पुन्हा साबणच. मी तुझं नाव घेतलं ते नुसतं घाबरून नाही. घाबरलो होतो हे खरं. पण क्षणभर मी त्या पंचवीसतीस तोंडांकडे पाहिलं आणि मला कळलं, तुझ्यावर ढकललं की यांना पटेल. का पटेल तेही कळलं. तू वस्तीवरचा, मी गावातला. कुणी पुरावा मागणार नव्हतं. माझ्या मनात ते तयारच होतं. चाळीस वर्षांच्या दोस्तीखाली ते गंजासारखं चिकटून राहिलं होतं, मूठभर खडी घालून हलवायला कुणी गेलंच नव्हतं.

तू म्हणालास, "ऱ्हायला आसंल. चुकलं."

मग सोनालीकडे वळून म्हणालास, "बाय, एक पिन दी." तिनं शालूच्या खांद्यावरची पिन काढून दिली. तू त्या पिनेनं भोक मोकळं केलंस, फुंकर मारलीस, टोपण लावलंस, पिन शर्टाच्या टोकाला पुसून तिला परत दिलीस. तुझ्या नव्या शर्टावर पिवळा डाग पडला. गाडी पहिल्याच चावीला सुरू झाली आणि परंदवडीपर्यंत गुळगुळीत गेली. तिथं जेवायला बसताना तुला शोधलं, तर तू फाट्यावरूनच मागं फिरला होतास.

गावाला नाव ठेवायला काय लागतं? आठ दिवसांत तू साबण मिस्त्री झालास. मागं साबण्या, तोंडावर साबण मिस्त्री. ज्यानं जन्मात कुणाच्या टाकीला साबण लागू दिला नाही, त्याला. गिऱ्हाइकं म्हणायची, मिस्त्री, पंक्चरला पण साबणच का? तू हसायचास. एकदा मी हात धुवायला साबण मागितला तर तू धुण्याची पावडर आणि लाकडाच्या भुशाचा डबा पुढं केलास. म्हणालास, गॅरेजात वडी ठेवत न्हाई आता. मी हात धुतले. आपण दोघंही त्या डब्याकडे बघत राहिलो. तेव्हा बोलता आलं असतं. गॅरेजात तिसरं कुणी नव्हतं. मी विचारलं, "ऑइल कधी बदलायचं?"

सहा वर्षं झाली. या सहा वर्षांत तू दर दिवाळीआधी गाडी तपासायला आलास. मी प्रत्येक वेळी ठरवलं की या खेपेला सांगायचं, आणि प्रत्येक वेळी चहा सांगितला. आबा अंथरुणाला खिळले होते तेव्हाचंही आठवायचं. रोज संध्याकाळी तू येऊन अंगणात गाडी नुसती सुरू करायचास, आतून आबा कान देऊन ऐकायचे आणि म्हणायचे, "टायमिंग एक नंबर." त्यांच्या शेवटच्या महिन्यात त्यांना हसवणारं मी दुसरं कुणी पाहिलं नाही. नंतर तू ओट्यावर बसून चहा घ्यायचास. 'आत ये' असं मी म्हणायचो, पण एकदाच म्हणायचो. दुसऱ्यांदा म्हटलं असतं तर तू आला असतास का? हे विचारायचं राहिलं. आभार मानायचेही राहिले. माफीपुढं त्यांचा नंबर लागणार तरी कधी होता!

तुझ्या पुण्यानुमोदनाला विहारात गेलो. जागा नव्हती एवढी माणसं. बोलायला माझंही नाव पुकारलं. मी माइक हातात घेतला आणि सांगून टाकायचं म्हणून तोंड उघडलं. बाहेर काय आलं? 'मनमिळाऊ, कष्टाळू, आमच्या गावाचं भूषण.' खाली बसलो. माझ्यानंतर आपल्या वर्गातला एकजण उठला. तुझ्यावर त्याचा जीव होता, मनात काही वाईट नव्हतं. त्यानं सोमाटणे फाट्याचा किस्सा सांगितला. "आमच्या मिस्त्रींनी नव्या टाकीला साबण लावला, पन चूक तितल्या तितं कबूल केली. आसा सरळ मानूस!" लोक डोळे पुसता पुसता हसले. वहिनी, तुझी बायको, पुढं बसल्या होत्या, पांढऱ्या साडीत. त्या हसल्या नाहीत. त्यांनी मान वळवली आणि गर्दीतून बरोबर माझ्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मी तुझ्या घरी गेलो. त्यांनी खुर्ची दिली, मी खालीच बसलो. म्हणालो, "वहिनी, तो साबण..."

"मला ठावं हाय, भाऊजी."

त्यांनीच पुढं सांगितलं.

"त्या दिशी घरी आलं ते जेवलं न्हाईत. शर्ट मी धुतला. इचारलं, ह्यो डाग कसला? तवा सांगितलं. मी म्हनलं, आत्ताच्या आत्ता जावा आनि गावाला खरं काय ते सांगा. तर म्हनले, ऱ्हाऊ दी, पोरीच्या सासरच्यांम्होरं बापाचं त्वांड पडंल. बाळू आज न्हाई तर उद्या सांगंल." मग म्हणाल्या, "लय वाट बघितली त्यांनी."

मी हात जोडले. माझ्या डोळ्यांना पाणी होतं, पण त्याचं त्यांना काही कौतुक नव्हतं, आणि का असावं?

"मला कशापायी सांगताय?" त्या म्हणाल्या. "मी तितं न्हवते. ज्यास्नी तवा सांगितलं, त्यास्नी सांगा."

संध्याकाळी सोनालीला फोन केला. मी अर्ध्यात असतानाच ती म्हणाली, "पप्पा, सकाळी साबण लावताना मी बघितलं होतं तुम्हाला. काकांना पिन देताना मी खाली बघत होते." माझं खोटं मी आंदणासारखं तिच्याही पदरात घातलं होतं, हे मला तेव्हा कळलं.

पिकअप घेऊन कामशेतला गेलो. नंबरप्लेटा रंगवणारा एक पेंटर आहे, तुझ्या गॅरेजपासून चार दुकानं पुढं. त्याला म्हणालो, हौद्याच्या मागच्या फाळक्यावर लिहायचंय. त्यानं विचारलं, "काय लिहू? 'आईचा आशीर्वाद'?" मी कागद दिला. त्यानं वाचला, माझ्याकडे बघितलं, परत वाचला आणि ब्रश घेतला. पांढऱ्या रंगात, लांबून वाचता येईल एवढ्या अक्षरांत:

'ही टाकी यशवंत मिस्त्रींनी बसवली. साबण मी लावला.'

खाली माझं पूर्ण नाव.

पहिल्यांदा परंदवडीला गेलो आणि तात्यांच्या दाराकडे फाळका करून गाडी लावली. तात्या थकलेत आता. त्यांनी एकेक अक्षर लावत वाचलं आणि विचारलं, "म्हंजी?" मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. घरातल्या बायका दारात येऊन ऐकत होत्या, सोनालीही होती. तात्या म्हणाले, "मग तवाच का न्हाई बोलला, पावनं?" मग आपल्या गावात, पारापाशी उभी केली. मग बाजारच्या दिवशी कामशेतला. जो वाचतो तो विचारतो, आणि प्रत्येकाला पहिल्यापासून सांगावं लागतं. सवय होईल असं वाटलं होतं, ती होत नाही. काहींनी पाठ थोपटली, ती मला नको होती. काही म्हणाले, मेलेल्या माणसापायी कशाला स्वतःची शोभा करून घेतोस? वहिनी रस्त्यानं जाताना फाळका वाचून गेल्या म्हणे.

टाकी मात्र अजून कोरडी ठणठणीत आहे, यशा. परवा खडूची पूड फासून बघितली, कुठंच काळी पडली नाही.

आणि काल बाजारात तांदळाची पोती उतरवत होतो. मागून कुणीतरी मोठ्यानं हाक मारली, "ओ साबण्या!" सवयीनं मी तुझ्या गॅरेजकडे बघितलं. शटर खाली होतं. हाक परत आली, ती मलाच होती. मी पोतं खाली ठेवलं, मागं वळलो आणि ओ दिली.